देव काळवंडतात तेव्हा : मिथकाचे पुनर्वाचन आणि अर्थपरिवर्तन

प्रास्ताविक

सांगणारा बदलला की मिथकातील देवतांची प्रतिमाही बदलते. ऋग्वेदाच्या प्राचीन भागात ‘असुर’ हे वरुणासारख्या देवतेचे विशेषण आहे. पुढे तो शब्द दैत्यवाचक झाला. इराणी परंपरेतील अवेस्तामध्ये मात्र ‘अहुर’ पूज्य ठरला आणि ‘दएव’ दुष्ट. असे अर्थपरिवर्तन आधुनिक फँटसी खेळांत हेतुपूर्वक घडवले जाते. त्याचे एक उदाहरण पाहू.

विवेचन

‘ड्रॅगन एज’ ही बायोवेअर या कॅनडातील कंपनीची खेळमालिका २००९ मध्ये सुरू झाली. तीत खेळाडू एखादे पात्र धारण करून त्याच्या वतीने निर्णय घेतो. या कथाविश्वातील डेलिश एल्फ हा भटका समाज आपले हरवलेले देव स्मरतो. फेनहारेल नावाच्या कपटी लांडग्याने त्या देवांना कोंडून ठेवले, अशी त्यांची श्रद्धा आहे. वयात आल्यावर ते चेहऱ्यावर एखाद्या देवतेचे गोंदण करून घेतात.

‘इन्क्विझिशन’ (२०१४) व तिचा पुढील भाग ‘ट्रेसपासर’ (२०१५) यांत ही कथा उलटते. ते देव म्हणजे स्वजनांना गुलाम करणारे सामर्थ्यशाली जादूगार होते आणि फेनहारेल हा बंडखोर मुक्तिदाता होता, असे समोर येते. प्राचीन काळी उमराव आपल्या उपास्य देवतेच्या सन्मानार्थ गुलामांच्या चेहऱ्यावर जी खूण उमटवत, तेच हे गोंदण. हे सांगणारा सोलस स्वतःच फेनहारेल आहे, हे विसरू नये. कथेच्या एका वळणावर तो एल्फ नायिकेचे गोंदण पुसून टाकण्याची तयारी दाखवतो. ते ठेवावे की पुसावे, हा निर्णय खेळाडूचा असतो.

येथे भाषाविज्ञानातील एक महत्त्वाचे तत्त्व उपयोगी पडते : व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते, आजचा अर्थ ठरवत नाही. तो वापरणाऱ्यांच्या व्यवहारातून ठरतो. पिढ्यानपिढ्या ज्यांनी ते गोंदण अभिमानाने मिरवले, त्यांच्यासाठी ते स्वत्वाचेच चिन्ह आहे. मात्र म्हणून गुलामांचे दुःख पुसले जात नाही. चिन्ह जपणाऱ्याने त्याचा इतिहासही सोबत वागवावा लागतो.

समारोप

देवांना काळे रंगवणे एवढ्यानेच पुनर्वाचन साधत नाही. श्रद्धावंतांसमोर खरा पेच उभा राहिला, तरच ते अर्थपूर्ण ठरते.

स्वाध्याय

चिन्हाचा मूळ अर्थ अपमानकारक असल्याचे कळल्यावर समाजाने ते टाकून द्यावे काय? आपल्या परिचयातील एखाद्या शब्दाच्या किंवा चिन्हाच्या आधारे दहा ओळींत चर्चा करा.