वीज मुंबईस, पाणी मावळांत

भूगोलाच्या तासास मुळशीच्या धरणाची हकीकत चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, या विजेनें मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी होणार होता, तर मग लोकांनीं धरणास विरोध कां केला?” प्रश्न मार्मिक होता. तासांत त्याचें पुरतें उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून तें येथें लिहीत आहों.

पर्यावरणाचें रक्षण म्हणजे वृक्ष, नद्या व पांखरें यांचें रक्षण, एवढेंच आपण बहुधा शिकतों. परंतु चांगल्या कामाचा लाभ एकास व्हावा आणि त्याची हानि दुसऱ्यानें सोसावी, तीही त्याला न विचारतां, हें योग्य काय? या विषयांत न्यायाचा प्रश्न उद्भवतो तो येथें.

पुणें जिल्ह्यांत मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें. कोळशाच्या जागीं वीज आल्यानें शहराची हवा सुधारते, हा लाभ आम्ही हलका लेखीत नाहीं. पण बुडणार होतीं तीं मावळांतील भाताचीं खाचरें. १८९४ च्या कायद्यान्वयें सरकारास जमीन घेऊन कंपनीस देतां येई. शेतकऱ्याची संमति लागत नसे. १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें मिळालें. १९२४ पर्यंत लढा चालला, निष्फळ झाला, व धरण उभें राहिलें.

आणखी एक गोष्ट आहे, व आमच्या मतें तीच अधिक विचार करण्याजोगी आहे. पुष्कळ जमीन कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें होती. त्यांस भरपाईची रक्कम चांगली मिळाली म्हणजे पुरे होतें. पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणाऱ्या कुळाच्या हातीं मात्र त्यांतलें काय पडणार? तेव्हां ‘गांवास भरपाई मिळाली’ एवढ्यानें समाधान मानून चालत नाहीं. गांवांतील कोणास, हें विचारावेंच लागतें.

२०१३ सालीं नवा भूसंपादन कायदा झाला. खाजगी कंपनीसाठीं सरकारानें जमीन घेतांना बाधित कुटुंबांपैकीं निदान ८० टक्क्यांची पूर्वसंमति त्यानें आवश्यक केली. तीन वर्षें त्या जमिनीवर उपजीविका करणारीं कुळें व शेतमजूर यांसही त्यानें ‘बाधित’ मानलें व पुनर्वसनाचा हक्क दिला. परंतु मूळ कायदा बारकाईनें वाचला तर असें दिसतें कीं, ते ८० टक्के मोजतांना जमीनधारकांचीच गणना होते, कुळांची व मजुरांची होत नाहीं. असें कां असावें, हा प्रश्न आम्ही त्या विद्यार्थ्यास उलट घातला आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.