कायमची जखम

सारीपाटात सोंगटी मेली, तरी ती पुन्हा घरातून निघते व पूर्वीसारखीच चालते. मोक्षपटात, किंवा तमिळ प्रदेशात वैकुंठ एकादशीच्या जागरणात खेळल्या जाणाऱ्या परमपदसोपानातही, सर्पदंशाचा व्रण मागे उरत नाही. मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात मात्र खेळाडू एका काल्पनिक व्यक्तीच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. त्या व्यक्तीचा हात गेला, तर पुढे काय?

१९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने हा प्रश्न जवळजवळ टाळला. तेथे जीवबळ अंकांत मोजले जाते. एकच अंक उरलेला योद्धाही तितक्याच जोमाने तलवार चालवितो. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने अवयवागणिक बळ मोजले, आणि हातपाय निकामी होऊ लागले. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन'मध्ये (१९८५) मोठा घाव शरीराची मूळ शक्तीच घटवू शकतो. तथापि सरदार थकला वा मेला, तर खेळाडू त्याचा वारस होऊन पुढे खेळतो. ही सोय फार मोलाची होय.

नुसते अंक वजा करणारी जखम लवकरच कंटाळवाणी होते. लंगडा झालेला योद्धा घोडा मागतो, वाट बदलतो, ज्याला तुच्छ लेखले त्याच सोबत्याच्या खांद्याचा आधार घेतो. तेव्हा कोठे जखम कथेत शिरते. परंतु ती बैठकीमागून बैठक वागवावयाची असते खेळाडूला, सूत्रधाराला नव्हे. म्हणून पहिला फासा पडण्यापूर्वीच सर्वांची संमती घ्यावी. हात द्यावयाचा की प्राण, ही निवडही पुष्कळदा खेळाडूवरच सोपविता येते.