शारीरिक मर्यादा आणि बागकाम

आपल्या देशात बागकाम बहुधा उकिडवे बसून केले जाते. वाफा जमिनीलगत असतो, खुरप्याची मूठ आखूड असते आणि पाणी भरलेल्या झारीने घालावे लागते. ज्याचे गुडघे संधिवाताने आखडले आहेत, ज्याचे पाय पोलिओमुळे दुबळे झाले आहेत किंवा जो चाकांच्या खुर्चीचा उपयोग करतो, त्याला ही कामे अशक्य वाटतात. वस्तुतः रोप लावणे, तण काढणे, फळ खुडणे ह्यांपैकी कोणत्याही क्रियेला उकिडवे बसणे आवश्यक नाही. वाफ्याची उंची व अवजाराची लांबी ह्यांमुळे ते आवश्यक होते. अडचण वनस्पतीची नसून मांडणीची आहे, आणि मांडणी बदलता येते.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लक्ष व्यक्तींना हालचालीची व सुमारे ५० लक्ष व्यक्तींना दृष्टीची अडचण होती. वार्धक्यामुळे वाकणे अवघड झालेले कितीतरी लोक ह्याशिवाय आहेत.

वाफ्याची उंची

उभ्याने काम करणारास वाफ्याचा काठ कमरेइतका, म्हणजे ७५ ते ९० सेंमी. असावा. बसून काम करणारास सुमारे ६० सेंमी. उंची सोयीची पडते. वाफ्याची रुंदी हाताच्या पोचेवरून ठरवावी. एकाच बाजूने काम करावयाचे असल्यास ती ६० सेंमी. व दोन्ही बाजूंनी करावयाचे असल्यास १२० सेंमी. पुरे. मधल्या वाटेची रुंदी निदान १२० सेंमी. असावी, आणि खुर्ची वळविण्यासाठी १५० सेंमी. व्यासाची मोकळी जागा ठेवावी. वाट टणक असावी. तिचा चढ १२ मीटर अंतरास १ मीटर ह्याहून अधिक नसावा.

खुर्चीत बसलेल्या माणसाने अशा भरीव वाफ्याजवळ आडवे बसून काम केल्यास त्याची कंबर सतत पिळली जाते. म्हणून गुडघे खाली जातील असा मेजासारखा वाफा करतात. परंतु येथे एक पेच निर्माण होतो. गुडघ्यांसाठी सुमारे ७० सेंमी. जागा सोडून वर २५ सेंमी. माती घातली, तर काठ ९५ सेंमी. उंच होतो आणि बसलेल्या माणसाचे हात खांद्यापर्यंत उचलले जातात. ह्यावर उपाय म्हणजे तळ उतरता करणे: पुढील काठाशी माती १० ते १२ सेंमी. व मागील बाजूस २५ सेंमी. ठेवावी. पुढे मेथी, कोथिंबीर ह्यांसारख्या पालेभाज्या आणि मागे मिरची किंवा वांगी लावावीत.

ओझे आणि पाणी

२ मीटर लांब, १ मीटर रुंद व ३० सेंमी. खोल वाफ्यात ६०० लिटर माती मावते. एक लिटर ओल्या मातीचे वजन सुमारे १·६ किलोग्रॅम धरल्यास एकूण भार साडेनऊशे किलोग्रॅमहून अधिक होतो. म्हणून गच्चीवर असा वाफा अभियंत्याच्या सल्ल्यावाचून बांधू नये. मातीत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास भार कमी होतो.

उंच वाफ्यातील पाणी लवकर निथळते व बाजूंनीही वाळते, त्यामुळे पाणी वरचेवर द्यावे लागते. दहा लिटरच्या झारीत पाण्याचेच वजन १० किलोग्रॅम असते. ते रोज उचलण्याऐवजी वाफ्यापेक्षा १ मीटर उंचीवर टाकी ठेवून ठिबक नळ्या जोडाव्यात. ह्या उंचीमुळे दर चौरस सेंमी.ला सुमारे ०·१ किलोग्रॅम दाब मिळतो व तो लहान बागेस पुरतो. मातीवर पालापाचोळा पसरल्यास ओल टिकते.

अवजारे

हातगाडी ही तरफच आहे. चाकाच्या आसापासून ४० सेंमी. अंतरावर ३० किलोग्रॅम भार असेल आणि मुठी १२० सेंमी. अंतरावर असतील, तर गाडीचे स्वतःचे वजन सोडता हातांना केवळ १० किलोग्रॅम उचलावे लागते. दोन चाकांची गाडी एका हातानेही कलंडत नाही. लांब दांड्याच्या खुरप्याने वाकणे टळते. मात्र त्याचा भार हातापासून दूर गेल्याने मनगटावरील ताण वाढतो. म्हणून दांडा हलका असावा व तो दोन्ही हातांनी धरावा. पकड दुबळी असेल तर मुठीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करावी.

बधिर हात

सर्वांत अधिक काळजी बधिर हाताची घ्यावी लागते. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी असे दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना नसल्यामुळे जखमा व भाजणे कळत नाही आणि त्या दुर्लक्षित जखमांतून हाताची हानी होते. वेदना नसल्यामुळे असा माणूस मूठ गरजेहून घट्ट धरतो व त्याला फोड येतो. म्हणून त्याने गुळगुळीत, जाड मुठीची अवजारे व हातमोजे वापरावेत, ठरावीक वेळाने काम बदलावे आणि काम संपताच दोन्ही हात डोळ्यांनी तपासावेत. बाबा आमटे ह्यांनी वरोड्याजवळ उभारलेल्या आनंदवनात कुष्ठमुक्तांनी ओसाड जमीन पिकाखाली आणली. ह्यावरून असे हात कामास असमर्थ नसतात हे सिद्ध होते.

दृष्टीवाचून बाग

अंध माणसाला वाफ्याचा काठ व ताणलेली दोरी वाट दाखवितात. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारल्यास रोपांमधील अंतर बोटांनी मोजता येते. तुळस, गवती चहा व सब्जा ह्यांची पाने चुरडली की त्यांतील सुगंधी तेल बाहेर पडते व वनस्पती ओळखू येते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ साली ॲलिस रेकनागेल आयरिस ह्यांच्या आराखड्यानुसार अंधांसाठी अशी सुगंधी बाग उंच वाफ्यांसह उभारण्यात आली.

येथे दिलेली मापे आरंभापुरती आहेत. वाफा बांधण्यापूर्वी तो वापरणाऱ्या व्यक्तीला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवावे, कोपराची उंची व हाताची पोच मोजावी आणि रिकाम्या खोक्यावर एकदा काम करून पाहावे. शाळेच्या बागेतील एक जरी वाफा अशा रीतीने बांधला, तरी बागकामाच्या तासाला कडेला बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यास इतरांबरोबर पेरणी करता येईल.