हा आजारच आहे का?

प्रश्न: बदलीमुळे दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो. त्यातच आई गेली. चहा कपातच निवून जातो, उठावंसं वाटत नाही. हे डिप्रेशन का?

उत्तर: ताई, आई गेली आणि शेजारी मराठीत बोलायलाही कुणी नाही, मन खचणारच. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांनी पत्नी आणि मूल गमावलं. त्या दुःखाला आपण रोग म्हणत नाही. तुमच्याही दुःखाला घाईने नाव देऊ नका. संध्याकाळी कुणाच्या तरी सोबतीने जवळच्या मलई मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत जा, आईबद्दल बोला. मात्र दोन आठवडे झोप-जेवण सुटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. औषध घेतल्याने दुःख खोटं ठरत नाही. मरणाचे विचार आले तर त्याच क्षणी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.