सगळं गमावलेल्यांना थट्टा सुचते कशी?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात देश सोडावा लागलेल्या लात्व्हियन लोकांच्या मेळाव्यांत विनोदी गाणी फार रंगायची, असं वाचनात आलं. ज्यांचं घरदार गेलं, त्यांना थट्टामस्करी सुचायची तरी कशी?

उत्तर : ही थट्टा त्यांनी देशाबाहेर पडताना सोबतच नेली होती. लात्व्हियात लग्नात आणि जूनमधल्या 'यान्यी' सणाला चिडवाचिडवीची गाणी म्हणण्याची जुनी चाल आहे. दोन तट समोरासमोर उभे राहतात. एका बाजूची म्होरकी ओळ उचलते, बाकीच्या ती घोळवतात. चार ओळींत समोरच्यांचा कंजूषपणा, आळस, बेसूर गळा, सगळं निघतं. दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचं. गप्प बसला तो हरला. राग मानायचा नाही, आणि शेवटी समेटाची गाणी म्हणून सगळं मिटवायचं. आपल्याकडे विहिणी एकमेकींना गाण्यांतून टोमणे मारायच्या, त्यातलाच हा प्रकार.

1944 मध्ये सोव्हिएत फौजा परत येऊ लागल्या, तसे लाखाहून जास्त लात्व्हियन पश्चिमेकडे निघाले. युद्धानंतर त्यांतले बहुतेक जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत राहिले. या छावण्यांत गायनवृंद आणि नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या. 1947 मध्ये एसलिंगनच्या छावणीत तर गीतमहोत्सव झाला. पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पांगलेल्या या लोकांनी रूडोल्फ्स ब्लाउमानिस यांचं 1902 मधलं गाण्यांनी भरलेलं विनोदी नाटकही जपलं. शिंपी शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला येतात, तरुण विधवा मालकीण भलत्याच मुलाशी लग्न करू पाहते आणि यान्यीच्या रात्री सगळ्यांच्या जोड्या जुळतात, अशी त्याची गोष्ट.

मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते शिकागोतलं काम. तिथे 1961 मध्ये आल्बेर्ट्स लेग्झदिन्श यांनी 'चिकागास पियेत्सीशी', म्हणजे शिकागोचे पाच जण, हा गट जमवला. त्यांचा रोख निर्वासितांच्या स्वतःच्याच वागण्यावर असायचा. व्यासपीठावरची भाषणं गंभीर, देशाच्या आठवणीने जड झालेली. त्या आठवणीला धक्का न लावता समाजाच्या खोडी दाखवायची सोय या गाण्यांनी केली. शिवाय भाषा चांगली आल्याशिवाय विनोद कळत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना लात्व्हियन शिकण्यासाठी हसण्याइतकं मोठं आमिष दुसरं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

गद्यातही हीच धार होती. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आन्श्लाव्स एग्लीटिस यांनी निर्वासित समाजावर खुसखुशीत नाटकं आणि कादंबऱ्या लिहिल्या.

सोव्हिएत राजवटीला ही शिकागोची गाणी मान्य नव्हती. तरी ती लात्व्हियात पोचली, एका टेपवरून दुसरीवर उतरवली गेली, घराघरांत दबक्या आवाजात ऐकली गेली. बाहेर निव्वळ चेष्टा वाटणारं गाणं तिथे ऐकणाऱ्याला हिंमत देऊन जायचं. 1989 मध्ये गट प्रत्यक्ष लात्व्हियात गायला, तेव्हा लोकांची झुंबड उडाली. त्यानंतर दोनच वर्षांनी देश पुन्हा स्वतंत्र झाला.

या गाण्यांची ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर सहज मिळतात. गटाचं नाव टाकून शोधा आणि जमलं तर एखाद्या मैफलीचं मुद्रण ऐका. लोक कुठे हसतात, कुठे सोबत गायला लागतात, याकडे मुद्दाम लक्ष द्या.