ॲप का अडलं, हे शोधणाऱ्यांसाठी

समजा, कॉलेज प्रवेशाचं एक ॲप आहे. विद्यार्थिनी गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर असे चार-पाच फोटो निवडते आणि ‘अपलोड’ दाबण्याआधीच ॲप बंद पडतं. वडिलांच्या महागड्या फोनवर तेच फोटो विनातक्रार जातात. एकेक फाइल जेमतेम ३ एमबीची, मग एवढा भार कसला?

फाइल ३ एमबीची दिसते ती कॉम्प्रेस केलेली असते म्हणून. पडद्यावर दाखवताना ॲप ती उलगडतं, आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ४००० बाय ३००० पिक्सेलचा एक फोटो मेमरीत ४८ एमबी जागा घेतो. असे पाच फोटो एकदम उघडले की कमी रॅमच्या फोनवर ॲपच्या वाट्याची मेमरी संपते. फोटो उलगडतानाच त्याची लांबी आणि रुंदी चौथाई केली, तर तोच फोटो ३ एमबीत मावतो. दुरुस्ती दोन-चार ओळींची असते. वेळ जातो तो कारण सापडेपर्यंत.

एआय कोड लिहून देतं, मग मुलांनी ॲप डेव्हलपमेंट शिकून काय करायचं, असं पालक हल्ली काळजीने विचारतात. माझं उत्तर असं, की अवश्य शिकावं, पण मुलाला बिघाडाचा माग काढण्यात रस हवा. वरच्या ॲपचा कोड काही मिनिटांत लिहून मिळेल. तो कोणत्या फोनवर, कोणत्या क्रमाने गेल्यावर अडतो, हे आधी कुणीतरी बारकाईने पाहावं लागतं. ते निरीक्षण हाती असेल तर एआयची मोठी मदत होते. ‘ॲप चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर तेही अंदाजपंचे उत्तरं देत राहतं.

या कामाची शिस्त शिकता येते. बिघाड पुन्हा पुन्हा घडवून आणता आला पाहिजे, ही पहिली पायरी. मग लॉगकॅट उघडायचं, म्हणजे फोन आतल्या घडामोडी जिथे ओळीओळीने नोंदवतो ती जागा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. अँड्रॉइडच्या नवशिक्यांना हमखास गाठणारी एक अडचण सांगतो. ॲप डेव्हलपरच्या फोनवर उत्तम चालतं आणि प्ले स्टोअरवरून घेतलेलं उघडताच कोसळतं. प्रकाशनासाठी तयार करताना आर-८ नावाचं साधन ॲपचा आकार कमी करतं. त्याला वापरात नाही असं वाटलेला कोड ते काढून टाकतं आणि उरलेल्या क्लासची नावं ए, बी, सी अशी छोटी करतं. एखादा भाग नावाने शोधून वापरला जात असेल, तर तो गायब झालेला असतो. एरर रिपोर्टमध्येही तीच एकाक्षरी नावं दिसतात. कोणत्या नावाचं काय झालं याची यादी असलेली मॅपिंग फाइल जपून ठेवली असेल तर मूळ नावं परत मिळतात. नसेल तर अंधारात चाचपडणं आलं.

आता याच विषयाची दुसरी बाजू पाहू, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. पीडीएफ हलकी करण्यासाठी काही ॲप्स प्रत्येक पानाचं सरळ चित्र करून टाकतात. फाइल उघडते, डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि टीम खूश होते. पण पानातला मजकूर मजकूर म्हणून उरलेला नसतो. स्क्रीन रीडरवर ऐकून अभ्यास करणाऱ्या अंध विद्यार्थ्याला ते पान कोरं असल्यासारखं असतं. आकार घटवणाऱ्याने आपलं काम चोख केलं आणि वाचणाऱ्याचं नुकसान झालं. असा बिघाड एरर म्हणून कुठेच उमटत नाही. तो ऐकावाच लागतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे, आजच अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधून टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करा. आधी तो बंद कसा करायचा ते नीट वाचून घ्या, कारण नंतर एका टॅपने काही उघडत नाही. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक वाचला जातो आणि दोनदा टॅप केलं की तो उघडतो. मग डोळे मिटून रोजच्या वापरातल्या ॲपवर तिकीट काढायचा प्रयत्न करा. कितीतरी बटणांवर फक्त ‘लेबल नसलेलं बटण’ असं ऐकू येईल, कारण चित्र टाकणाऱ्याने त्याचं वर्णन लिहिलेलं नसतं. चुकलेल्या रकान्याभोवती लाल चौकट येते, पण आवाजात काहीच सांगितलं जात नाही. ओटीपीची मुदत तो रकाना सापडेपर्यंत संपून जाते. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत किमान ४.५ ला १ असा फरक हवा, बटण ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) लहान नको, हे नियम लिहिलेले आहेत आणि गूगलचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर ते तपासूनही देतं. पण लेबल आहे आणि ते निरर्थक आहे, हे यंत्राला सहसा कळत नाही.

टॉकबॅकच्या मुळाशी पुण्यात जन्मलेला एक माणूस आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स शिकले. १९९४ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. मिळवली. गणिताची सूत्रं कानांनी समजावीत अशी यंत्रणा, हा त्यांचा प्रबंध. पुढे गूगलमध्ये चार्ल्स चेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी केलेल्या कामातून २००९ मध्ये टॉकबॅक अँड्रॉइडवर आलं. त्याच वर्षी ॲपलने आयफोनवर व्हॉइसओव्हर दिलं. तुमच्या घरातल्या मुलाला वा मुलीला दिसत नसेल, तर हे क्षेत्र त्यांच्यासाठीही खुलं आहे. स्क्रीन रीडर रोज वापरणारी व्यक्ती चाचणीत जे पकडते, ते आठवडाभर सराव केलेल्या डोळस टेस्टरला पकडता येत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र अशा विद्यार्थ्यांसाठी काम करतं, तिथे जरूर विचारा.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांना दृष्टीचं अपंगत्व असल्याची नोंद आहे. एवढ्या लोकांसाठी ॲप सोयीचं करणं आता कंपनीच्या मर्जीवर राहिलेलं नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा होताच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची प्रक्रिया दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, ही अट ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना पाळता येत नव्हती, तिथून ते प्रकरण उभं राहिलं. २८ जून २०२५ पासून युरोपातही बँकिंग आणि ऑनलाइन खरेदीसारख्या सेवांना असाच कायदा लागू झाला आहे. युरोपातल्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही तो विचारात घ्यावा लागतो.

शिक्षणाची वाट नेहमीचीच आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीनंतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून बीसीएसाठीही सीईटी सुरू झाली आहे, तिची तारीख चुकवू नका. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्या महागड्या टेस्टिंग क्लासमध्ये पैसे घालण्याआधी मात्र थांबा. हाताने बटणं दाबून पाहण्यापुरतं शिकलेल्याची वाढ लवकर खुंटते. कोड वाचता येणं, ॲपियमसारख्या साधनाने चाचण्या आपोआप चालवता येणं आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे दिव्यांगांच्या सोयीची समज, हे तिन्ही ज्याच्याकडे आहे त्याची गोष्ट वेगळी. खर्च करायचाच तर १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर करा, कारण अँड्रॉइड स्टुडिओ फुकट असला तरी जड आहे. घरातला जुना, संथ फोन विकू नका. चाचणीसाठी तोच सगळ्यांत उपयोगी.

पहिल्या वर्षापासूनच गिटहबवर मुक्त स्रोताचं एखादं ॲप निवडा, त्यातले दोष शोधा आणि नोंदवा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, इतकं लिहिलं की नोंद पुरी होते. तुमच्या नोंदीवरून एखादी दुरुस्ती झाली, तर तिची लिंक बायोडेटात सगळ्यांत वर टाका.