सेवेला गेलेत की फिरायला?



निवृत्तीनंतर पती-पत्नीने जोडीने दूरदेशी सेवाकार्याला जाणे आता फारसे नवलाचे राहिलेले नाही. कुणी वर्षभर, कुणी दीड-दोन वर्षे परक्या देशात शाळेत शिकवतात, दवाखान्यात हिशेब ठेवतात, आजाऱ्यांच्या भेटी घेतात. मिशनकार्य हे फक्त धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे नव्हे, प्रापंचिकांचाही त्यात वाटा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या मिशनकार्यावरील आदेशपत्रात स्पष्ट केले आहे. पुढे केव्हातरी मुलगा, सून, नातवंडे अशा जोडप्याच्या भेटीला जातात. आठ-दहा दिवस राहतात. आजी-आजोबा त्यांना तिथले डोंगर, समुद्र, जुनी चर्चे दाखवतात. त्याचे फोटो घरी येतात आणि कुणीतरी विचारतो, "हे सेवेला गेलेत की फिरायला?"

प्रश्न बोचरा आहे, पण टाळण्यासारखा नाही. आपल्या कन्हानमध्येही कोळसा खाणीच्या नाहीतर रेल्वेच्या नोकरीसाठी गाव सोडून आलेली कुटुंबे आहेत. कुणाची मुले दूर आहेत, कुणाची मुलगी मठात आहे. भेटीला येणारे आणि भेटीची वाट पाहणारे, दोन्ही आपल्यात आहेत. म्हणून या प्रश्नाचा आज थोडा शांतपणे विचार करू.

१. मोशेकडे आलेले पाहुणे

निर्गम ग्रंथाचा १८ वा अध्याय घरी काढून वाचा. मोशे रानात आहे, देवाच्या कामात गुंतलेला आहे. त्याची पत्नी सिप्पोरा व दोन मुलगे माहेरी आहेत. सासरा इथ्रो त्या तिघांना घेऊन छावणीत येतो. थोरल्या मुलाच्या गेर्षोम या नावातच परक्या देशात राहिल्याची आठवण आहे. 'मला कामे आहेत, नंतर या' असे मोशे म्हणत नाही. तो सामोरा जातो, सासऱ्याला लवून नमस्कार करतो, त्याचे चुंबन घेतो, खुशाली विचारतो, तंबूत नेतो आणि देवाने काय काय केले ते सांगतो. मग देवाला यज्ञ होतो व सगळे एकत्र जेवतात.

दुसऱ्या दिवशी मोशे कामाला बसतो आणि पाहुणा ते काम पाहतो. लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांगेत उभे आहेत आणि निवाडा करणारा मोशे एकटा. हे बरे नव्हे, तूही थकशील आणि लोकही थकतील, असे इथ्रो सांगतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमण्याचा सल्ला देतो आणि मोशे तो ऐकतो.

म्हणजे पाहुणा आला म्हणून काम बुडाले नाही, उलट सुधारले. आपल्या माणसाची दमछाक घरच्या माणसाला चटकन दिसते. पण ती दिसण्यासाठी त्याने काम पाहायला हवे.

२. प्रिस्किला आणि अक्विला

नव्या करारात एक मिशनरी जोडपेच आहे. सम्राट क्लौद्यच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागलेले अक्विला व प्रिस्किला करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होते (प्रेषितांची कृत्ये १८). त्यांनी संत पौलाला घरात ठेवून घेतले. पुढे इफिसमध्ये त्यांनी विद्वान अपुल्लोला आपल्याकडे नेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यांच्या घरात ख्रिस्तसभा जमत असे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ७ फेब्रुवारी २००७ च्या शिकवणीत या जोडप्याचा मुद्दाम गौरव केला होता. त्यांच्या घरी पाहुणचार आणि प्रेषितकार्य यांच्यात भिंत नव्हती.

३. विसावा पाप नव्हे

शिष्य कामावरून परतले, तेव्हा जेवायलाही सवड नाही हे पाहून प्रभू येशूने त्यांना एकांतात विसावा घ्यायला नेले (मार्क ६:३१). संत थॉमस अक्वायनस संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळत होता, हे पाहून काही लोकांना खटकले. त्याने एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला लावले, एकामागून एक. मग विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, योहान म्हणाला.

पण संत थॉमस लगेच मर्यादाही घालतात. करमणूक अशोभनीय नसावी, तिच्यात मनाचा तोल सुटू नये, आणि ती व्यक्ती, वेळ व जागा पाहून असावी.

४. पाहणे कसे असावे

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. स्टीफन हिस्लॉप हे कॅथलिक नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. १८४५ साली ते पत्नी इराझ्मा यांच्यासह नागपूरला आले. त्याच वर्षी सॅव्हॉयमधील आनसीहून संत फ्रान्सिस द सेल्सचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले होते. नागपूरला रेल्वे १८६७ साली आली, सुवेझ कालवा १८६९ साली खुला झाला. अशा काळात घरचे कुणी भेटीला येणे जवळजवळ अशक्यच. आज आठ दिवसांची भेट मिळते, ही केवढी कृपा!

हिस्लॉप प्रचारासाठी गावोगाव फिरत. फिरताना दगड, जीवाश्म पाहत आणि गोंडांची गाणी व चालीरीती टिपून ठेवत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीकडच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. १८८३ साली सुरू झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे. ज्या लोकांची सेवा करायची, त्यांची भूमी आणि बोली आदराने पाहणे हाही सेवेचाच भाग आहे. मात्र गरिबाच्या झोपडीपुढे उभे राहून त्याला न विचारता फोटो काढणे, याला आदर म्हणता येणार नाही.

५. काही साध्या गोष्टी

पाहुण्यांना आधी काम आणि माणसे दाखवावीत, प्रेक्षणीय स्थळे नंतर. पाहुण्यांचा खर्च मिशनच्या पैशातून होऊ नये. सोबत्यांना आधी सांगून रजा घ्यावी आणि आजाऱ्याला दिलेली वेळ मोडू नये. रविवारी सर्वांनी तिथल्या लोकांबरोबर मिस्साला बसावे, भाषा कळो वा न कळो. नातवंडांना एखादे लहान काम द्यावे, निदान पाणी वाटण्याचे. आणि भेटीला जाणाऱ्यांनी इथ्रोसारखे डोळे उघडे ठेवावेत. आई थकली आहे का, बाबांचे औषध चालू आहे का, हे तिथे गेल्यावरच कळते.

एवढे सांभाळले, तर सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. ते सेवेलाच गेले आहेत, आणि त्यांची मुलेबाळे ती सेवा पाहून आली आहेत.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आपण आपले रोजचे काम आणि आपला धर्मग्राम दाखवतो का?
२. आपल्या कुटुंबातील कोण दूर राहून सेवा करीत आहे? त्यांची शेवटची भेट केव्हा झाली?
३. इथ्रोसारखा सल्ला आपल्याला कुणी दिला, तर आपण ऐकतो का?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू